टेनॉरची ओळ, दोन बोटं खाली

“हाताने ओढू नकोस,” मास्तर तिला म्हणाले होते. “एका टोकाला चादर ओढलीस की दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी पाय उघडे पडतात.”

ही दीड वर्षापूर्वीची गोष्ट. तिने तेव्हा नुकतंच नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि लॅपटॉप काखेत मारून ते कौतुकाने मास्तरांना दाखवायला नेलं होतं. मास्तरांची चाळीस वर्षं पाच टोकांच्या टाकाने पाच-पाच रेघा आखण्यात आणि त्या रेघांवर दुसऱ्यांची गाणी उतरवण्यात गेली होती. सगळे त्यांना रेघामास्तरच म्हणत. कॉलेजात असताना ती त्यांच्याकडेच हे काम शिकली. तिच्या हातचे स्वर इतके गोल यायचे की मास्तरांनी तिचं नाव ठिपकी ठेवून टाकलं. पुढे मास्तरांचा हात थरथरायला लागला, टाक पेटीत गेला आणि काम ठिपकीकडे आलं.

त्या दिवशी मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून दहा मिनिटं पडद्याकडे बघत उभे होते. ठिपकीने माउसने एक ओळ पकडून खाली ओढून दाखवली, आणि तेव्हाच ते चादरीचं बोलले.

“मास्तर, हे सॉफ्टवेअर आहे, पलंग नाही,” ती हसून म्हणाली.

मास्तरांनी फक्त वहीत काहीतरी लिहून ठेवलं. काय लिहिलं, हे ठिपकीने विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

शुक्रवारी सकाळी दहाला फोन वाजला. ठिपकीच्या एका मांडीवर अकरा महिन्यांची बबडी होती, दुसऱ्या मांडीवर तिचं खाणं आणि समोर टेबलावर लॅपटॉप. बबडीला खाण्यात गोडी नव्हती, लॅपटॉपच्या बटणांत होती. त्यातही वर जाणाऱ्या बाणाचं बटण तिचं खास. ते दिसलं की तिच्या तोंडातून लाळ गळायला लागायची.

फोन डॉक्टरीणबाईंचा होता. बाई दिवसा दात काढत आणि संध्याकाळी आपल्या गायनवृंदातल्या अठरा जणांकडून गाणं काढून घेत. दोन्ही कामं त्या एकाच आवाजात करत.

“अगं, दुसऱ्या पानावर तुझ्या दोन ओळी एकमेकींवर चढल्यात! वाकडे दात असतात तशा. आल्टोवाल्या बायकांना तो शब्दच वाचता येत नाही. वर टेनॉरचा स्वर येऊन बसलाय. तीन आठवडे झाले, त्या जागी सगळ्या नुसतं तोंड उघडून बसतात. माझ्या खुर्चीत बसल्यासारख्या. जरा फट पाड की मध्ये.”

“पाडते. पण बाई, कार्यक्रम उद्या आहे ना?”

“उद्या सहाला. म्हणून तर आज सांगतेय. झेरॉक्सवालीला मी कळवलंय, एकच्या आत बावीस प्रती काढून देते म्हणाली.”

“आणि नाहीच झालं तर जुन्या प्रती आहेतच.”

“त्या कुठल्या? सकाळीच रद्दीत घातल्या. नवा दात बसवायचा तर जुना आधी काढावा लागतो!”

फोन बंद झाला. हे गाणं साधं नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं उतरवणाऱ्या मास्तरांनी एकच गाणं स्वतः रचलं होतं. ते सव्वीस वर्षं ट्रंकेत पडून होतं. उद्या ते पहिल्यांदा कोणी गाणार होतं, आणि मास्तर पहिल्या रांगेत, हातात कागद घेऊन बसणार होते. तो कागद ठिपकीने तयार केलेला असणार होता. त्यात चूक निघाली तर मास्तर तिला एका शब्दाने बोलणार नव्हते, आणि तिला त्याचीच जास्त भीती होती.

शिवाय मास्तरांनी रचना केली होती ती उतरवणाऱ्याच्या डोक्याने. दुसरा कोणी आधी चाल बांधतो आणि पान कुठे उलटायचं ते मागाहून बघतो. मास्तरांनी आधी पान उलटायची जागा ठेवली आणि मग चाल बांधली. घडीचा एक मोठा कागद. त्याच्या पहिल्या पानावर नाव, आत दुसरं-तिसरं पान समोरासमोर आणि पाठीमागे चौथं. तिसरं पान संपतं तिथे सगळ्यांना अख्खा एक श्वास शांतता. गळे गप्प, पियानो गप्प. त्या शांततेत सगळ्यांनी पान उलटायचं. अख्ख्या गाण्यात उलटणं तेवढं एकदाच.

पानाची रचना म्हणजे तीन मजली इमारत. प्रत्येक मजल्यावर सहा ओळी: उंच आवाजाच्या बायका सोप्रानो, खालच्या आवाजाच्या आल्टो, उंच आवाजाचे पुरुष टेनॉर, खालच्या आवाजाचे बास, आणि तळाशी पियानोच्या दोन हातांच्या दोन. तीन पानांत नऊ मजले अगदी ठासून बसले होते.

ठिपकीने दुसऱ्या पानावरचा मधला मजला शोधला, टेनॉरची ओळ माउसने पकडली आणि दोन बोटं खाली ओढली. शब्द मोकळा झाला, स्वर मोकळा झाला. “झालं बाई!” ती बबडीला म्हणाली. फाइल जतन करून मिटली, झेरॉक्सवालीला पाठवली, लॅपटॉप मिटला आणि उरलेलं खाणं भरवायला घेतलं.

तीन घास होत नाहीत तोवर फोन.

“ताई, चार पानं म्हणाला होतात ना? ही पाच आहेत.”

“पाच कशी असतील?”

“मी मोजलीत ना. पाचव्या पानावर थोडंसंच आहे. पण पानभर पसरलंय. वरची बाई एकदम कपाळावर आणि खालचा माणूस एकदम तळव्याला. भांडण झालंय का त्यांच्यात?”

ठिपकीने लॅपटॉप उघडला. टेनॉर खाली सरकला तसा त्याने बासला ढकललं, बासने पियानोला, आणि त्या पानावरचा तिसरा मजला जागेअभावी पुढच्या पानावर गेला. तिथल्यांनी त्याला जागा करून देताना आपला शेवटचा मजला पुढे ढकलला. असं करत नववा मजला पाचव्या पानावर एकटा जाऊन पडला. आणि पान रिकामं दिसू नये म्हणून सॉफ्टवेअरने त्याच्या सहा ओळी ताणून वरपासून खालपर्यंत नेल्या होत्या. पाच खोल्यांच्या घरात एकट्याच राहणाऱ्या माणसाने प्रत्येक खोलीत एक-एक चप्पल ठेवावी तसं ते दिसत होतं.

हेही एक वेळ चाललं असतं. पण मास्तरांची शांतता आता चौथ्या पानाच्या पहिल्या मजल्यावर गेली होती. म्हणजे सगळे गप्प, आणि उलटायला काहीच नाही. आणि जिथे पान उलटायचं होतं, तिथे पियानोवाल्याची दहाही बोटं सुसाट धावत होती.

मागे जायचं बटण तिने दाबून पाहिलं. फाइल एकदा मिटली होती, त्यामुळे मागे जायला मागे काही उरलंच नव्हतं.

“लहान करू,” ती स्वतःशी म्हणाली. सगळं एका मापाने लहान केलं. पानं चार झाली. तिने चित्र डॉक्टरीणबाईंना पाठवलं. लगेच फोन वाजला. तिकडून पलीकडच्या खुर्चीतल्या कुणाचा तरी “आ” ऐकू आला आणि मग बाई.

“हे काय आहे? वाचायला तोंडात घालायचा आरसा लागेल मला!”

मग ठिपकीने माप परत मोठं केलं आणि कागदाच्या चारी बाजूंचा समास कमी केला. कमी म्हणजे जवळजवळ नाहीच. इमारत पुन्हा चार पानांत बसली. ती उठून नाचणार एवढ्यात झेरॉक्सवालीने पहिली प्रत काढून पियानोवाल्याच्या हातात दिली, कारण तो काहीतरी दुसरं छापायला तिथेच आला होता. पियानोवाला ठिपकीच्या नवऱ्याचा मित्र. त्याने तिथूनच फोन लावला.

“वहिनी, एक विचारू? माझा डावा हात कुठाय?”

“काय?”

“खालची ओळ मशीनने कापली. कागदाच्या बाहेर गेली. मला डावा हात आहे हो. लहानपणापासून आहे.”

“तुम्ही तिथून हलू नका,” ठिपकी म्हणाली, “आणि कोणाला काही सांगू नका.” मागून झेरॉक्सवालीचा आवाज आला, “मी ऐकलंय पण.”

आता ती पेटली. समास पूर्ववत केला आणि एकेक मजला हाताने धरून वर ढकलायला लागली. सोप्रानो थोडी वर, पियानो थोडा वर, बास थोडा वर. एकाला सरकवलं की दुसरा फुगायचा. साडेअकरापर्यंत पानावरची एकही ओळ आपल्या जागी नव्हती. आल्टोवाल्यांचे शब्द टेनॉरच्या डोक्यावरून उचलले होते, पण आता ते सोप्रानोच्या पायाला लागत होते. शांतता तर सापडेनाशीच झाली होती. आणि बबडी टेबलाखाली बसून एका रद्द पानावरचा बास चावत होती.

ठिपकीने तिच्या तोंडात बोट घालून कागद काढला, सगळा निघाला ना ते दिव्याखाली नेऊन दोनदा तपासलं, आणि मग जमिनीवर बसली. रडू येत होतं, पण बबडी तोंडाकडे बघत होती, त्यामुळे सोय नव्हती. तिने बबडीला कडेवर घेतलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि मास्तरांकडे निघाली. सांगून टाकायचं. उद्या पहिल्या रांगेत कळण्यापेक्षा आज जिन्यात कळलेलं बरं.

मास्तर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. तिने बेल दाबली. उत्तर नाही. पुन्हा दाबली. तेवढ्या वेळात तिने मास्तर न्हाणीघरात घसरल्याचं, गॅस चालू राहिल्याचं आणि खिडकी उघडी राहिल्याचं असं तिन्ही मनात बघून घेतलं. तिसऱ्या बेलला दार उघडलं. मास्तर उद्याचा सदरा अंगात घालून उभे होते.

“बटणं लावून बघत होतो,” ते म्हणाले. “हात असा. उद्या ऐन वेळी पंचाईत नको. लावून झाली, आता काढायची भीती वाटते. ये. रडतेयस का?”

“नाही,” म्हणून ठिपकी रडली.

तिने सगळं सांगितलं. टेनॉर, दोन बोटं, पाचवं पान, डावा हात. मास्तर ऐकत होते. ते चादरीचं काही बोलले नाहीत. उठले, ट्रंक उघडली आणि आपली हस्तलिखित प्रत काढून तिच्यासमोर ठेवली. “ही बघून पुन्हा मांड. घाई नको.”

ठिपकीने डोळे पुसले आणि दुसरं पान काढलं. मधला मजला. आल्टो, खाली शब्द, खाली टेनॉर. तिने बोटाने अंतर मोजलं. पुन्हा मोजलं.

“मास्तर, तुमची फट तर माझ्यापेक्षा लहान आहे.”

“असेल.”

“मग तुमचा टेनॉर आल्टोला कसा लागला नाही?”

बोलता बोलताच तिला दिसलं. मास्तरांच्या कागदावर तो स्वर ओळीच्या पोटात शांत बसला होता. तिच्या कागदावर तोच स्वर सगळ्या रेघा सोडून, वर दोन जादा रेघांची शिडी लावून, थेट आल्टोच्या शब्दात डोकं खुपसून उभा होता. पाच पायऱ्या वर.

पाच पायऱ्या. वर जाणाऱ्या बाणाचं बटण.

तिला महिन्यापूर्वीची दुपार आठवली. ती दूध गरम करून आली तेव्हा बबडी लॅपटॉपवर ओणवी होऊन ते बटण धोपटत होती. ठिपकीने तिला उचललं होतं, तिची दहाही बोटं, नखंसुद्धा, एकेक करून तपासली होती, लाळ पुसली होती आणि “काही झालं नाही” म्हणून निर्धास्त झाली होती. पडद्याकडे बघायचं सुचलंच नव्हतं.

“मास्तर,” ती हळूच म्हणाली, “ओळ ओढायचीच नव्हती. स्वर खाली आणायचा होता. तो बबडीने वर नेलाय.”

मास्तरांनी चष्मा पुसला. “म्हणजे तो बाईंनी नाही बदलला?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“गेल्या बुधवारी तालमीला ऐकला ना. मी म्हटलं बाईंनी सुधारला असेल. कळतं त्यांना. आपलं पहिलंच गाणं, आपण कशाला मध्ये बोला.”

ठिपकीने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“बबडीने?” बाई ओरडल्या. “अगं, मला वाटलं मास्तरांनाच तो तिथे हवाय! चाळीस वर्षांत ज्या माणसाचा एक ठिपका चुकला नाही त्याला कोण विचारणार? टेनॉरवाले तीन आठवडे माझ्या नावाने बोटं मोडतायत. चौघांपैकी तिघं त्या जागी नुसते टाचा उंच करतात. एकट्या त्या वाहतूक हवालदाराचा पोचतो. त्याला चौकात ओरडायची सवय आहे.”

“आत्ता खाली आणते,” ठिपकी म्हणाली. “स्वर उतरला की सगळं आपोआप—”

“थांब,” मास्तर म्हणाले.

दोघी थांबल्या. फोनमधली पेशंटबाईही बहुधा थांबली असावी.

“मी पण तो आधी वरच लिहिला होता.” मास्तर सदऱ्याच्या बटणाकडे बघत बोलत होते. “सव्वीस वर्षांपूर्वी. मग वाटलं, कोण गाणार इतका वर? लोक हसतील. खोडला आणि पोटात घातला. हे बघ.”

त्यांनी कागद खिडकीपाशी धरला. उजेडात ब्लेडने खरवडलेली जागा दिसत होती. बरोब्बर पाच पायऱ्या वर.

“बुधवारी तो हवालदार गायला,” मास्तर म्हणाले, “कोणी हसलं नाही. घरी आलो तर मला जेवण जाईना. ठेवाल का तसाच?”

फोनमध्ये बाईंनी आधी पेशंटला तोंड मिटायला सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “ठेवते. त्या तिघांना सांगते टाचा खाली ठेवा.” आणि फोन बंद केला, तोही नेहमीपेक्षा हलक्या हाताने.

ठिपकीने कपाळाला हात लावला. “म्हणजे फट परत लागणारच की! बारा वाजून गेले!”

“माझी वही काढ. वरच्या खणात.”

वहीत दीड वर्षापूर्वीची तारीख होती आणि खाली मास्तरांचं सुबक अक्षर. ‘पोरीच्या यंत्रात एक चौकट आहे. दोन ओळींत कमीत कमी किती अंतर, ते तिथे एकदा सांगायचं. मग यंत्र सगळ्यांना सारखं वाटून देतं. शेजारी हाताने ओढलेलं सगळं मूळ जागी नेणारं बटणही आहे. तिला सांगायचं. तिने विचारलं की.’

“दीड वर्ष!” ठिपकी म्हणाली.

“तू विचारलं नाहीस,” मास्तर म्हणाले, आणि बबडीला आपल्या गुडघ्यावर घोडा घोडा करायला लागले.

तिने बटण दाबलं. दीड तास ढकलाढकली केलेल्या ओळी निमूटपणे आपापल्या घरी गेल्या. चौकटीत अंतर वाढवलं. आणि दुसऱ्या पानाचा तिसरा मजला पुन्हा पुढच्या पानावर जाऊन बसला.

“जागा कमी पडतेय हो अजून!”

मास्तर वाकून बघत म्हणाले, “पहिल्या मजल्यावर बास गातो का?”

“नाही. तो दुसऱ्यापासून येतो.”

“मग त्याची रिकामी ओळ कशाला? ज्या खोलीत कोणी राहत नाही तिला कुलूप लाव.”

ठिपकीने रिकामी ओळ लपवायची खूण केली. बासची कोरी ओळ नाहीशी झाली, मजला आक्रसला आणि तिसरा मजला मुकाट मागे येऊन आपल्या जागी बसला. चार पानं. तिसऱ्या पानाच्या तळाशी, अगदी कोपऱ्यात, एक अख्खा श्वास शांतता. बबडीने आनंदाने बटणाकडे हात टाकला, आणि ठिपकीने आधी लॅपटॉप मिटला, मग तिची बोटं तपासली.

एकला पाच मिनिटं कमी असताना झेरॉक्सवालीने सांगितलं, “ताई, चार पानं, डावा हात आहे, सगळे आपापल्या जागी. समेट झाला वाटतं?”

शनिवारी सहाला सभागृह निम्मं भरलं. ठिपकी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती, बबडी रडली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. पण बबडी तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती आणि खांद्याची जागा ओली करत होती. पुढे पहिल्या रांगेत मास्तरांचं टक्कल दिसत होतं. सदऱ्याची बटणं नीट लागली होती, ते तिने आत येतानाच बघून घेतलं होतं. त्यांनी तो बहुधा कालपासून काढलाच नव्हता.

दुसऱ्या पानावर आल्टोवाल्या बायकांनी तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो शब्द पूर्ण गायला. त्याच्या अंगावरून हवालदाराचा स्वर निघाला आणि वर, शिडीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. चौकात गाड्या थांबाव्यात तसे लोक थांबले. कोणी हसलं नाही.

मग तिसरं पान संपलं आणि शांतता आली. त्या शांततेत एकोणीस कागद एकदम उलटले, पाखरं उडावीत तसे. आणि त्यानंतर एक विसावा कागद, पहिल्या रांगेत, थरथरत, अडखळत, उलटायला लागला. श्वास संपला होता. डॉक्टरीणबाईंचा हात हवेत वर होता. तो त्यांनी खाली आणला नाही. कागद पूर्ण उलटेपर्यंत तसाच धरून ठेवला, आणि मगच आणला.

आता चौथं पान चालू आहे. मास्तरांचे खांदे हलताहेत. हसताहेत की काय होतंय, ते ठिपकीला मागून दिसत नाही. उठावं तर बबडी जागी होईल. तुम्ही पुढेच बसला आहात ना? मग एवढं करा. जरा वळून त्यांच्याकडे बघा आणि तिला खुणेने सांगा, मास्तर ठीक आहेत ना?